कल्याणप्पाच्या मोटारीचं नाक

आपल्याला अक्कल आहे असं एकदा माणसानं ठरवलं की त्याला देवही वाचवू शकत नाही. मुरुमच्या कल्याणप्पा आडत्यानं एका आषाढात हे ठरवलं, आणि त्याच बैठकीत मोटारीचं नाक उंच करायचंही ठरवून टाकलं.

मोटारीला नाक असतं हे त्यालाही वर्षभरापूर्वी ठाऊक नव्हतं. निजामाचं राज्य होतं, महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि साऱ्या मुरुमात मोटार होती ती एवढी एकच. सोलापूरच्या एका वकिलानं वापरून वापरून टाकायला काढलेली ती मोटार कल्याणप्पानं हौसेनं आणली. ती चालायची कमी आणि दुकानापुढं उभी राहायची जास्त. पण उभी अशा ऐटीत राहायची, की बाजाराला आलेला कुणबी आधी तिला रामराम घालायचा आणि मग कल्याणप्पाला. (कधीकधी नुसता तिलाच.)

गेल्या नागपंचमीला याच मोटारीनं घात केला. बायकोला, सिद्धम्माला, माहेरी जळकोटला सोडायला कल्याणप्पा निघाला, आणि गावाबाहेरच्या ओढ्यात मोटार दोनदा शिंकली नि गप्प झाली. अर्धं मुरुम काठावर जमलं. बैल जुंपून मोटार बाहेर ओढावी लागली. सिद्धम्मा ओल्या लुगड्यानं घरी परतली, आणि जळकोटला तिच्यासाठी लिंबाला बांधलेला झोका तसाच राहिला. त्या दिवशी दारातून तिनं मोटारीकडं एकदाच बघितलं. कल्याणप्पाला त्या बघण्याचीच भीती वाटली.

मग सोलापूरहून नबीसाब मिस्त्री आला. त्यानं इंजिन उघडून पातेलंभर पाणी काढलं.

"सेठ, इसकूबी सास लगती," तो म्हणाला. "ह्या तोंडानं ही हवा घेती. तोंड नीचे, पानी उपर. पानी पी गई, खलास!"

सिद्धम्मा दारात उभी राहून ऐकत होती. त्या दुपारी जेवायला वाढताना ती म्हणाली, "औंदाची पंचमी तर गेली. पुढच्या साली ह्या डब्यानं मला म्हायारी पोचवलं न्हाय, तर डबा इकायचा. बसवण्णाची आण घ्या."

कल्याणप्पानं आण घेतली. (घेतली म्हणजे घ्यावी लागली. भाकरी अजून तिच्याच हातात होती.)

आणि म्हणून या आषाढात त्यानं बलभीम तांबटाला बोलावलं. मोटारीच्या हवा घ्यायच्या तोंडाला तांब्याची नळी जोडायची, बॉनेटला भोक पाडून ती बाहेर काढायची आणि पार टपाइतकी उंच न्यायची. मग ओढा कितीही चढो, नाक पाण्याच्या वरच.

"पर मालक, वरनं पाऊस पडला तर आत जाईल की," बलभीम म्हणाला.

"मग वर छत्रीसारखं कायतरी कर."

बलभीमनं जन्मात छत्री घडवली नव्हती. महादेवाच्या पिंडीवर धरायचे नाग मात्र शंभरेक घडवले होते. हात वळतो तिकडंच वळतो. चार दिवसांनी नळी बसली, तेव्हा तिच्या माथ्यावर छानपैकी फडा उभारलेला होता, फड्याखाली हवेसाठी वाटीएवढं तोंड उघडं होतं, आणि फड्यावर दोन डोळेसुद्धा होते.

"डोळे कशाला रे?"

"त्याबिगर फडा बरा दिसत न्हाय, मालक."

नळी बघायला गाव लोटलं. कुणी तोंडात बोट घालून बघितलं, कुणी कान लावला, एकानं आत "ओ" देऊन पलीकडून कुणी बोलतंय का तेही तपासलं. कल्याणप्पा दिवसभर श्वासाचं शास्त्र समजावून सांगत होता, आणि शास्त्र ऐकून झालं की माणूस पुन्हा बोट घालत होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या लक्ष्मम्मानं धुणं वाळत घालायच्या दोरीचं टोक सरळ फड्याला बांधायला घेतलं, तेव्हा त्याचा धीर सुटला.

"आक्का, हात लावू नगा! जागृत हाय त्यो!"

"कोन जागृत?"

"नागप्पा! मोटारीची राखण करतो."

लक्ष्मम्मानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि तोच कपाळाला लावला. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून नळीला एक बोट लागलं नाही. तीन दिवस शास्त्रानं जे झालं नाही ते एका थापेनं झालं. कल्याणप्पा इतका खूश झाला की त्यानं मेव्हण्याला, जळकोटच्या महालिंगप्पाला, कार्ड टाकलं: 'गाडी जुंपू नये. नागचौथीला तुमच्या बहिणीस मोटारीने आणतो. ओढ्यास कितीही पाणी असो.'

चौथीच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला. ओढा चढला म्हणून मांडीवर थाप मारणारा साऱ्या मुरुमात तो एकटाच. काठी घेऊन तो पाणी मोजून आला आणि अंगणातूनच ओरडला, "अगं, मांडीइतकं हाय!" पहिला मुलगा झाला तेव्हाही तो इतक्या मोठ्यानं ओरडला नव्हता.

चौथ उजाडली. सिद्धम्मा हिरवं लुगडं नेसून, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. कल्याणप्पा आत रुमाल बांधत होता. आजच्या स्वारीला साधा रुमाल शोभणार नव्हता, म्हणून त्यानं तो तीनदा सोडून बांधला.

तेवढ्यात बाहेर घडायचं ते घडलं. चौथीला बायका उपाशीपोटी वारुळाला दूध घालतात. मुरुमचं वारूळ ओढ्यापलीकडं, आणि ओढ्याला मांडीइतकं पाणी. तांबे घेतलेल्या बायका काठावरनं मागं फिरल्या, तेव्हा लक्ष्मम्मा म्हणाली, "वारूळ पल्याड ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या की. जागृत नागप्पा दुकानापुढं हाय. कल्याणप्पानं सोता सांगितलंय."

कल्याणप्पा बाहेर आला तर मोटारीभोवती बायकांचा गराडा. आपल्याला निरोप द्यायला आल्या असं वाटून तो हसला. मग त्याला फड्याच्या खालच्या ओठावर पांढरा थेंब दिसला.

"आक्का, ह्ये काय क्येलं?"

"अय्य शिवने, किती पितो रे तुजा देव!" लक्ष्मम्माचे डोळे भरून आले होते. "वारुळाला घातलं की वरच सांडतं. ह्यो समदं गिळतो! तेरा तांबे झाले बघ."

कल्याणप्पा पेचात पडला. देव नाही म्हणावं, तर उपाशी बायकांपुढं लबाड ठरायचं. देव आहे म्हणावं, तर देवाला भूक लागणारच. त्यानं सरळ मोटार चालू करायचं हँडल उचललं. पहिल्या झटक्याला मोटार आतल्या आत "गुळूक" म्हणाली. दुसऱ्याला फड्यातून दुधाची पिचकारी उडाली ती थेट तीनदा बांधलेल्या रुमालावर.

"पावला! पावला!" बायका ओरडल्या, आणि चौघी पाया पडल्या. नागप्पाच्या, त्याच्या नव्हे.

ओसरीवरून सिद्धम्मा बघत होती. तिचा चेहरा गेल्या पंचमीसारखाच होत चालला, तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. महालिंगप्पा गाडी घेऊन दारात हजर.

"कार्ड मिळालं न्हाय व्हय?" कल्याणप्पानं रुमाल पिळत विचारलं.

"मिळालं की दाजी. म्हनून तर लवकर निगालो."

सिद्धम्मा चटकन गाडीत चढली. कल्याणप्पा मागं कडब्यावर बसला. ओढ्यात पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं, तेव्हा दोन्ही बैलांनी आपणहून नाकं वर धरली, एकदा फुरफुरले आणि पलीकडची चढण चढून गेले. महालिंगप्पानं बैलांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली, ती कल्याणप्पाला लागली. पण सिद्धम्मा जळकोटच्या वाटेकडं अशी बघत होती, की घडीभर त्यालाही बरंच वाटलं.

पंचमी करून परतल्यावर नबीसाब आला. त्यानं इंजिन उघडलं, वास घेतला आणि अदबीनं म्हणाला, "पानी का एक बूंद नै, सेठ. नळी अव्वल नंबर. लेकिन अंदर दही लग्या."

आण ती आण. अणदूरहून गिऱ्हाईक आलं. पण त्यानं फड्याला हात लावताच लक्ष्मम्मा बायका घेऊन आडवी झाली: "देव गावाभाईर जायाचा न्हाय!" गाव पहिल्यांदाच आपल्या बाजूनं उभं राहिलेलं बघून कल्याणप्पा हरखला. मोटार वाचली! त्यानं आशेनं सिद्धम्माकडं बघितलं.

"खरं हाय," ती म्हणाली. "देव इकू नये. आनि देवाला जुंपू बी नये."

तेव्हापासून मोटार दुकानापुढंच आहे. दर चौथीला पहिला तांब्या मालकाचा, असा मान गावानंच त्याला ठरवून दिला आहे. कल्याणप्पा रुमाल नीट बांधून येतो, आपल्या हातानं फड्याच्या तोंडात दूध ओततो, नमस्कार करतो, आणि मेव्हण्याच्या बैलगाडीत मागं जाऊन बसतो.