वास घ्यायचा चष्मा

भानूकाका चष्मा लावल्याशिवाय कशाचाही वास घेत नाहीत. हे वाक्य मी चुकून लिहिलेलं नाही. माणसं वाचायला चष्मा लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात. आमचे शेजारी वास घ्यायला लावतात. त्यांच्यापुढे तुपाची बरणी ठेवा नाहीतर उदबत्तीचा पुडा ठेवा, ते आधी खिशातून डबी काढणार, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसणार, चष्मा चढवणार, वस्तू फिरवून सगळीकडून बघणार आणि मग डोळे बारीक करून एक लांबलचक श्वास ओढणार. त्यानंतर निकाल. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, की काका, वास घ्यायला चष्मा कशाला? तर म्हणाले, "बाई, नाक नेमकं जागेवर टेकवाया लागतंय." मी शाळेत भूगोल शिकवते. नेमक्या जागेचं महत्त्व मला काय सांगावं?

आम्ही नगरला सावेडीत या घरात राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. काका आणि शकूकाकू आमच्याआधीपासूनचे. दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून वाट्या, पातेली आणि बातम्या इकडून तिकडे जात असतात. काकांची चौतीस वर्षं श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात गेली. उसाचा रस ज्या अवाढव्य भांड्यांत आटवतात त्यांना तिथे पॅन म्हणतात, काका त्या पॅनवर होते. साखरेचा दाणा धरला की नाही हे बाकीचे लोक काचेवर नमुना घेऊन बघायचे, काका म्हणे नुसत्या वासावर सांगायचे. एका नव्या साहेबाने त्यांचं ऐकलं नाही आणि अख्खा पॅन वाया गेला, ही हकिगत मी निदान अकरा वेळा ऐकली आहे. दर वेळी पॅन थोडा मोठा होतो आणि साहेब थोडा लहान. शेवट मात्र ठरलेला: "मी म्हनलं, सायेब, यंत्राला नगा इचारू, नाकाला इचारा. नाक खोटं बोलत न्हाई."

ते नाक आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होतं. कोणाचं दूध नासायला आलंय का, तूप भेसळीचं आहे का, मसाला जुना झालाय का, सगळे खटले काकांच्या ओट्यावर. दुधाची पिशवी ते अशी उलटसुलट करत, चष्म्यातून न्याहाळत, नाकाला लावत आणि सांगत, "उद्यापर्यंत चालंल. परवा न्हाई." आणि खरंच परवा ते दूध फाटायचं. संध्याकाळी फाटकातून आत शिरताना ते मोठ्याने म्हणायचे, "आज शेवगा व्हय!" आतून काकूंचा आवाज यायचा, "व्हय, शेवगाच." माझ्या नवऱ्याला पुढ्यातल्या ताटात काय वाढलंय हे सांगावं लागतं, त्यामुळे मला काकूंचा हेवा वाटायचा.

आता त्या दुकानाबद्दल. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या रस्त्यावर साबणांचं एक दुकान उघडलं. दुकान दिसायच्या आधी शंभर पावलांवर त्याचा वास येतो. आत बर्फीच्या थाळ्यांसारखे रंगीत ठोकळे मांडलेले, काउंटरवरची पायल नावाची मुलगी ते कापून वजनावर देते. एका वडीची किंमत ऐकून माणसाला तिथेच घाम फुटावा आणि तो धुवायला त्याने तोच साबण घ्यावा, अशी एकंदर व्यवस्था. शेजारी एक भेळेची गाडी लागते. दुकान उघडल्यापासून भेळेला लव्हेंडरचा वास येऊ लागला म्हणून भेळवाला भांडायला गेला होता. काही गिऱ्हाइकांना ती भेळ जास्त आवडली, ही गोष्ट निराळी.

मी त्या दुकानाची गिऱ्हाईक आहे हे आधीच कबूल करून टाकते. आंघोळीच्या पाण्यात टाकायचा एक सुगंधी गोळा तिथे मिळतो. तो खरं म्हणजे टबासाठी असतो; आमच्याकडे बादली आहे. मी तो अडकित्त्याने चार तुकडे करून वापरते. त्यातला एक तुकडा एकदा बादलीत फसफसत असताना नवऱ्याने पाहिला आणि फरशी पुसायचं औषध समजून त्या जांभळ्या पाण्याने अंगण धुऊन काढलं. अंगण आठ दिवस मोहक होतं.

काकांचा या दुकानाला तत्त्वतः विरोध. त्यांचं म्हणणं, वास हा उडून जाणारा माल, त्याला पैसे मोजणं म्हणजे वाऱ्याची पावती फाडणं. मोगरा फुकट, ताजा गूळ फुकट, तव्यावरची भाकरी फुकट. वास अंगाला लावून हिंडणाऱ्याचं स्वतःचं काही उरतच नाही, असंही ते म्हणत. मी म्हणायचे, काका, दिवसभर साठ मुलं आणि खडूची धूळ झेलल्यावर दहा मिनिटं चांगल्या वासात गेली तर बिघडलं काय? यावर आमचा वाद कधी मिटला नाही. पण गंमत अशी, की हे विरोधक रोज पाच वाजता त्या दुकानात हजर. चष्मा लावून एकेका बरणीपाशी थांबायचं, हुंगायचं, "लव्हेंडर. मागल्या खेपंचा जोर न्हाई यात," असं काहीतरी सुनवायचं आणि काहीही न घेता बाहेर पडायचं. कशाला जाता, असं विचारलं की उत्तर एकच: "तपासनी." पायलला ते आवडायचे. आजोबा आले की लोक गोळा होतात आणि माल खपतो, असं ती मला म्हणाली होती.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी दुकानात होते, काकांची तपासणी चालली होती. एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. त्यांनी काकांनाच विचारलं, की यातलं कुठलं घेऊ? काकांनी एक बरणी उचलली, चष्म्यातून पाहिली, लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "गुलाब. देशी गुलाब हाय, खुशाल घ्या." मी हातभर अंतरावर उभी होते. त्या बरणीतून कॉफीचा असा दणदणीत वास येत होता की हॉटेलात बसल्यासारखं वाटावं.

पायल हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती म्हणाली, "आजोबा, ती कॉफी आहे. वरची चिठ्ठी बदलायची राहिलीये माझी." मुली खिदळल्या, त्यांची आई हसली, काकाही हसले. मग त्यांनी चष्मा काढला. तो डबीत ठेवताना डबी त्यांच्याच्याने मिटेना. तशीच उघडी डबी हातात घेऊन ते बाहेर पडले.

मी मागोमाग गेले. भेळेच्या गाडीशेजारच्या बाकावर ते बसले होते. मी शेजारी टेकले. मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "कोरोनात गेला, बाई. समद्यांचा पंधरा दिवसांत माघारी आला. माझा अजून वाटंवरच हाय."

मला एकदम दुधाची पिशवी आठवली. आमच्या अख्ख्या गल्लीने तीन वर्षं पिशवीवर छापलेली तारीख काकांकडून वाचून घेतली होती. आणि शेवगा? सकाळी बाजारातून भाजी काकाच आणायचे.

मी विचारलं, मग या दुकानात रोज कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच सोपा प्रश्न विचारला होता. "नगरात ह्याच्यापरीस दांडगा वास कुठं हाय का? यायचाच आसंल तर पयला हितंच यील की." आला का कधी, असं विचारल्यावर मान हलवली. फक्त खालच्या फळीवरच्या एका हिरव्या साबणापाशी थांबलं की नाकात गार झुळूक शिरते, म्हणाले. वास नव्हे, नुसती झुळूक. तेवढ्यासाठी पाय वळतात. उठताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "हिला सांगू नका. मी दारातनं वळखतो म्हनून ती हौसंनं रांधती."

त्यानंतर काकांची तपासणी बंद झाली. पाच वाजता ते ओट्यावर बसायचे, रस्त्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून. कोणी तूप घेऊन आलं तर म्हणायचे, सर्दी झालीय. फाटकातून शेवगाही ऐकू येईना.

चौथ्या दिवशी शकूकाकू शेंगोळ्यांचं पातेलं घेऊन आमच्याकडे आल्या. पातेलं ठेवून जाणाऱ्या काकू त्या दिवशी बसल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ह्यांचं कळालं व्हय तुमाला?"

मी कशाचं काय, असा चेहरा केला. माझा तो चेहरा आठवीतल्या पोरांनाही फसवत नाही. काकूंनी तर तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. एकदा सकाळी काकांनी शेवगा आणला होता, पण काकूंनी कंटाळा करून पिठलं टाकलं. संध्याकाळी फाटकातून आवाज आला, "आज शेवगा व्हय!" काकूंनी पिठल्याची कढई फडताळात सारली आणि काका पाय धुऊन येईपर्यंत शेवगा फोडणीला घातला. तेव्हापासून सकाळी जी भाजी येईल तीच संध्याकाळी शिजते. पिठलं खायचं मन झालं तर त्या दुपारी एकट्या खातात.

पण त्यांचं दुःख पिठल्याचं नव्हतं. त्या पारनेरकडच्या, लग्न होऊन कारखान्याच्या वसाहतीत आल्या तेव्हा उसाच्या मळीच्या वासाने महिनाभर डोकं धरून बसल्या होत्या. वाळत घातलेल्या लुगड्यांना मळी, पाण्याला मळी, नवऱ्याला तर मळीच मळी. दुपारी त्या डबा घेऊन पॅनवर जायच्या. तिथे वाफ, धूर, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज. "आन् एवढ्या घानीत, बाई, मी मागनं गेले तरी हे न वळता म्हनायचे, 'आलीस?' मला म्हनायचे, तुजा वास निराळा हाय. पुढं घरात बी तसंच. कवा बी मागनं जा, 'आलीस?'" काकूंनी पातेल्यावरचं झाकण नीट केलं. "आता मी मागनं गेले तर दचकत्यात. मला मंग मीच परकी वाटते."

मग काकूंनी विचारलं, की त्या दुकानात काकांना कशाचाच काही वास येत नाही का? मी वचन दिलं होतं ते नाकाबद्दल. साबणाबद्दल मी कोणालाही काही कबूल केलेलं नव्हतं. मी हिरव्या साबणाचं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी, काका बँकेत गेलेले बघून, मी काकूंना दुकानात नेलं. जन्मभर एकाच लाल साबणाने अंग, डोकं आणि वेळप्रसंगी पातेलीही धुतलेली ही बाई दारातच तीनदा शिंकली. पायलने हिरवा ठोकळा पुढे केला. पुदिना आणि निलगिरी, नुसत्या वाफेने डोळ्यांत पाणी यावं असा ऐवज. काकूंनी भाव विचारला. ऐकला. ठोकळा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, एवढ्यात आमच्या घरात वर्षाचा साबण येतो. आम्ही दारापर्यंत आलो. तिथून त्या एकट्याच मागे वळल्या आणि पायलला म्हणाल्या, "काप."

नगरच्या डिसेंबरात संध्याकाळी पुदिन्याच्या साबणाने आंघोळ करणं म्हणजे काय असतं हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. पाणी कढत असलं तरी माणसाला हुडहुडी भरते. काकू पहिल्या दिवशी आंघोळ करून काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. काका दचकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबण दुप्पट चोळला. काकांनी नुसतंच विचारलं, की थंडीत एवढ्या उशिरा आंघोळ कशाला करतेस, आजारी पडशील. काकू भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या, उगाच पैसे पाण्यात गेले. मला इतकं वाईट वाटलं, की त्या साबणाचे पैसे मीच द्यावेत असं मनात आलं.

तिसऱ्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला अंगणात आले. काका ओट्यावर पाठमोरे बसून शेंगा फोडत होते. चष्म्याची डबी शेजारी स्टुलावर, मिटलेली. काकू दारात आल्या. साबण त्यांनी मानेला लावला होता, केसांना लावला होता, आणि मला वाटतं पदराच्या टोकालाही चोळला होता. भिंतीच्या अलीकडे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अर्धं साबणामुळे. काकू थंडीने कुडकुडत होत्या, पण आवाज होऊ नये म्हणून अनवाणी, एकेक पाऊल टाकत पुढे येत होत्या. काकांपासून दोन हातांवर थांबल्या.

शेंग फोडणारा काकांचा हात थांबला. मान जरा सरळ झाली. त्यांनी एक श्वास घेतला, मग आणखी एक, आणि डबीकडे हात नेला नाही.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. वळले नाहीत.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. तो त्यांनी बाजूला केला.

"व्हय," त्या म्हणाल्या, "आले."