साठेकाकांचा अल्बट्रॉस

मुलगी बघायला आलेल्यांना लोक कांदेपोहे देतात. आमचे साठेकाका उलटीच्या पिशव्या द्यायचे.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये खाली-वर राहायचो. काकांच्या नीताला स्थळ आलं, की पाहुण्यांची रवानगी थेट मॉन्टरेच्या बंदरावर आणि तिथून बोटीनं भर समुद्रात, अल्बट्रॉस बघायला. मुलाकडच्यांना धरायला कुणीतरी हवं, म्हणून सोबत मी. "समुद्रावर माणूस कळतो," हे काकांचं पालुपद.

तिकडचा हा पक्षी चोचीपासून पायापर्यंत काळाकुट्ट. पंख पसरले की मात्र बघत राहावं. काका पाहुण्यांच्या हाती दुर्बीण द्यायचे आणि स्वतः त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. कुणी म्हणालं, "काळा असला तरी ऐटबाज आहे हो," की काकांच्या लेखी स्थळ कॅन्सल.

नीता रंगानं वडिलांवर गेली होती. ती जन्मली तेव्हा "काळी असली तरी नाकीडोळी नीटस" असं झाडून सगळ्या नातेवाइकांनी कळवलं होतं. ते काकांच्या जिव्हारी लागलं ते लागलंच. नीता हसायची. "डॅड, यू आर इम्पॉसिबल," म्हणायची आणि बोटीत पुढची जागा पकडायची.

मग शिकागोचा एक मुलगा आला, आईला घेऊन. तो बोट सुटताच आडवा झाला. नीता त्याचं डोकं धरून बसली आणि दर उलटीनंतर दोघं खुदखुदत होती. मुलाच्या आईनं दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढेचनात. काका श्वास रोखून उभे.

"एवढ्या लांब एकटाच येतो का हो हा?" बाईंनी विचारलं. "घर कुठं याचं?"

"हवाईकडे. हिवाळ्यात जातो परत."

"जातो ना? मग बरं," म्हणत त्यांनी दुर्बीण परत दिली. रंगाबद्दल चकार शब्द नाही.

पाहुणे आपल्या गाडीनं एअरपोर्टला गेले. काय ते घरी गेल्यावर सांगते, असं म्हणून नीता आमच्या मागच्या सीटवर झोपून गेली.

"नापास करायला काही सापडलंच नाही रे," काका हळूच म्हणाले.

ते गाडी इतकी सावकाश चालवत होते, की ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. मी म्हटलं, काका, जरा स्पीड वाढवा. त्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी पोचलो की ती हो म्हणणार आहे."