मेहबूबभाईंचा कापूस

मेहबूबभाई कापूस जिभेवर ठेवून चाखतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा मला शिसारी आली होती.

ते लातुरात आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. धंदा पिंजाऱ्याचा. भुवयांवर कायम कापूस, त्यामुळे चाळिशीतच म्हातारे दिसत. आता खरंच म्हातारे झालेत, तर कुणाला फरक कळत नाही.

भूकंप झाला तेव्हा मदत म्हणून ट्रक भरभरून जुने कपडे आले. लोकांना पाहिजे होतं अंथरूण, आणि आले कोट, टाय, झालरीचे झगे. ढिगारे रस्त्याकडेला कुजू लागले. मेहबूबभाईंनी ते गाड्यावर घालून आणले, धुतले, फाडले, यंत्रात पिंजले आणि त्यांच्या गाद्या शिवल्या. पुढं शिकवण्या वाढल्या. गावोगावची पोरं इथं येऊन राहायला लागली. दर जूनमध्ये नवी फोमची गादी घ्यायची आणि मे महिन्यात नाल्यात टाकून गावी जायचं, अशी पद्धतच पडली. नाला तुंबला की गल्लीत पाणी.

मेहबूबभाईंनी यातून धंदा काढला. गादी विकायची नाही, वर्षभर वापरायला द्यायची. वर्ष संपलं की परत घ्यायची, उसवायची, पिंजायची, नवी खोळ घालून पुढच्याला द्यायची. फोमवाले हसले. मीही हसले. म्हटलं, दुसऱ्याच्या गादीवर कोण झोपेल?

“कापूस मरत न्हाई, भाबी,” ते म्हणाले. हे ते दिवसातून दहा वेळा म्हणतात.

मी चार खोल्या मुलींना भाड्यानं देते. शेवटी त्यांच्याच आठ गाद्या घेतल्या. गाद्यांबरोबर त्यांचे नियमही आले. दर रविवारी गादी गच्चीवर उन्हात पडली पाहिजे. दहा वाजता हे गल्लीत उभे राहून वर बघणार. नाव कुणाचंच लक्षात नाही, गादीचा नंबर तेवढा पाठ.

“ओ बावीस नंबर! अंडी उबवून राहिली का गादीवर?”

पोरी फिजिक्सच्या सरांना भ्यायच्या नाहीत इतक्या यांना भ्यायच्या. शिवाय महिन्याला उशी बदलायची. जुनी घेऊन जायची, पिंजलेली द्यायची. मी म्हटलं, उशीला एका महिन्यात काय होतंय? तर म्हणाले, “माझी उशी, माझा कायदा.”

चौदा नंबरला इस्लापूरची प्रतिभा होती. चांगली पोरगी, पण दिवाळीनंतर बोलेनाशी झाली. ताटात अर्धी भाकरी ठेवायची. तिची उशी एका अंगाला ओली लागायची. ओल्या केसांनी झोपते म्हणून मी तिला दोनदा झापलं. ती “हो काकू” म्हणाली.

एका सोमवारी मेहबूबभाई तिची उसवलेली उशी घेऊन माझ्या दारात आले. आतला कापूस एका बाजूला गुठळ्या गुठळ्या झालेला.

“केसांचं पाणी आहे,” मी म्हटलं. “नाहीतर तेल.”

“तेलाला वास येतो. आन केसाचं पाणी खारं नसतंय.”

तेव्हाच त्यांनी गुठळी जिभेवर ठेवली.

“शी! काय करताय हे?”

“रोजचं रडू हाय, भाबी. महिनाभराचं. पोरीला एकटी ठेवू नका. आत्ता वर जा.”

मी गेले. गोड बोलणं मला जमत नाही. सरळ विचारलं, “रोज रडतीस का?” ती भिंतीकडं बघत म्हणाली, “काकू, मला हे जमत नाही. घरी तोंड दाखवायचं नाही. कुठंच जायचं नाही आता.”

त्या ‘कुठंच’नंतर मी तिथून हललेच नाही. दार उघडं ठेवून मी तिच्याजवळच बसले. मेहबूबभाई खालच्या पायरीवर बसून राहिले. शेजारणीला एसटीडी बूथवर फोन करायला पिटाळलं. इस्लापूरच्या किराणा दुकानात फोन लागला, तिथून बापाला निरोप गेला.

बाप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. धुळीनं माखलेला. पोरीला बघितलं आणि मटकन खालीच बसला. “एवढंच होय?” म्हणाला. “मला वाटलं, तू आजारी हैस. डाक्टर न्हाई झालीस तर काय मी जेवायचा थांबणार हाय का?” पोरगी आधी रडली, मग हसली, मग तिला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या.

ती बापाबरोबर गेली. मेहबूबभाई निरोपालासुद्धा ओरडलेच, “चौदा नंबर! गेल्या रविवारी गादी वाळवली न्हाई!”

एसटी गेल्यावर मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “तुम्हाला उशीतलं हे कसं कळतं?”

त्यांनी चहा बशीत ओतला.

“भूकंपात बायकोचं माहेर गेलं. सगळं. ती माझ्यासमोर कधी रडली न्हाई. मी म्हटलं, खंबीर बाई हाय. मी पिंजारी, साऱ्या गावाच्या उशा उसवून राहिलो, घरची न्हाई उसवली. ती गेल्यावर उसवली.”

मी विचारलं, “मग त्या कापसाचं काय केलंत?”

“घरी हाय,” ते म्हणाले. “तेवढा पिंजला न्हाई.”