खणातलं कार्नेट

दोन दिवस झाले, ग्रंथपाल सेवेरो आयावीरि मनातल्या मनात एकच भाषण घोटत होते. ते एकाच माणसाला ऐकवायचं होतं आणि नेमका तोच माणूस येत नव्हता.

कॉलेजच्या वाचनालयाची रीत आमच्या ओरुरो शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खिडकीशी जायचं, आपलं कार्नेट, म्हणजे सरकारी ओळखपत्र, सेवेरोंच्या हातात द्यायचं. ते सेवेरो खणांच्या लाकडी पेटीत ठेवणार, मग पुस्तक मिळणार. वाचायचं तिथंच बसून. पुस्तक परत दिलं की कार्नेट परत. शिवाय खणात एक जरी कार्नेट असलं, तरी वाचनालयाला कुलूप लावायचं नाही. हा नियम फार जुना. पूर्वी कधीतरी एका विद्यार्थ्याला आत ठेवूनच कुणीतरी कुलूप लावलं होतं. ऐन थंडीचे दिवस होते, आणि सकाळी दार उघडेपर्यंत त्यानं शेकोटीला विश्वकोशाचे दोन भाग वापरले होते.

एके काळी ही पेटी कार्नेटांनी भरून जायची. आता पोरांच्या खिशात फोन आले आणि पेटीत धूळ आली. उरला होता एकच वाचक, निवृत्त भूगोलशिक्षक नासारियो मास्तर. रोज दुपारी यायचे, कार्नेट द्यायचे आणि निळ्या पाठीचा ‘समुद्रांचा भूगोल’ उघडून बसायचे. आमच्या देशाला समुद्र नाही. होता, तो युद्धात गेला, आणि ते दुखणं आम्ही अजून कुरवाळत असतो. मास्तरांनी जन्मभर मुलांना भरती-ओहोटी शिकवली, पण समुद्र स्वतः कधी पाहिला नाही.

प्राचार्य बेल्मोन्ते यांचा डोळा वाचनालयाच्या दालनावर होता. कार्निव्हलच्या नाचाच्या तालमीला जागा हवी होती. “सेवेरो,” ते म्हणाले होते, “तो म्हातारा येतोय तोवर चालू दे तुमचं. तो यायचा थांबला की कुलूप मी स्वतः आणतो.” तेव्हापासून मास्तर खोकले तरी सेवेरो पाण्याचा पेला घेऊन धावायचे.

आणि त्याच मास्तरांनी सोमवारी घात केला होता. पाच वाजता सेवेरोंनी नेहमीप्रमाणे घंटा वाजवली.

“आटपा मास्तर, पाच वाजले.”

“चारच पानं राहिलीत हो.”

“पानं कुठं पळून जातायत? उद्या वाचा.”

“शेवटचा भाग आहे. किनारा लागतोय आता.”

“किनारा उद्या लागेल. आटपा.”

सेवेरो मागच्या खिडक्या लावायला गेले आणि परत येऊन बघतात, तर खुर्ची रिकामी. मास्तर नाहीत, पुस्तकही नाही. कार्नेट मात्र खणात, म्हणजे रात्री कुलूपही लावता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी पुस्तक कोटाच्या आत घालून नेलं होतं, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे कार्नेट तारण ठेवून गेले होते. मंगळवारी ते आले नाहीत. सेवेरोंचं भाषण लांबत गेलं, त्यात ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य तीन ठिकाणी आलं.

बुधवारी सकाळी दारात पावलं वाजली. मास्तरांची मुलगी झुल्मा होती. सेवेरोंना धीर धरवला नाही.

“आलात? वडील कुठंयत? तोंड दाखवायची लाज वाटते का त्यांना? अख्खा जन्म मास्तरकी केली आणि म्हातारपणी वाचनालयाचं पुस्तक कोटात घालून पळतात! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, म्हणावं!”

“काका,” झुल्मा म्हणाली, “बाबा वारले. काल पहाटे, झोपेतच.”

तेव्हा कुठं सेवेरोंना तिचे काळे कपडे दिसले. ते मटकन स्टुलावर बसले. त्यांना हुंदका आला, मास्तरांसाठी आला आणि वाचनालयासाठीही आला, आणि दोन्ही इतके एकमेकांत मिसळले की कुठला कुणासाठी ते त्यांनाही कळेना. चार पानं वाचू दिली असती तर काय बिघडलं असतं?

“काका, कार्नेट द्या बाबांचं,” झुल्मा म्हणाली. “नोंदणी कचेरीवाला म्हणतो, कार्नेट दाखवल्याशिवाय मृत्यूचा दाखला नाही. झेरॉक्स दिली तर म्हणतो, झेरॉक्स हवीच, पण मूळही हवं. दाखला नाही तर दफनभूमीवाले आत घेत नाहीत. तीन वाजता न्यायचंय. बँडवाल्यांना सांगून ठेवलंय.”

“देतो की. पुस्तक आणलंत?”

हे शब्द तोंडातून गेले आणि सेवेरोंना स्वतःचीच शरम वाटली. पण शब्द जुने होते, वर्षानुवर्षं त्याच वाटेनं बाहेर पडायची त्यांना सवय होती.

“घरभर शोधलं काका. नाही मिळालं.”

“मग कार्नेट कसं देऊ?”

“अहो, माणूस मेलाय!”

“तेच तर. जिवंत असते तर म्हटलं असतं, उद्या आणा.”

झुल्मा भांडली नाही. तिच्यात भांडायचं त्राणच नव्हतं. “चला मग,” ती म्हणाली, “तुम्हीच शोधा.”

सेवेरो निघाले. पण कार्नेट खणाबाहेर काढायचं नाही, म्हणून त्यांनी ती अख्खी खणांची पेटीच काखेत मारली. आणि खणात कार्नेट, म्हणजे कुलूप लावता येत नाही, म्हणून दाराला दगड लावून ते सताड उघडं ठेवलं. चोरी व्हायची भीती नव्हती. पुस्तकं चोरायलासुद्धा कुणी येत नाही, हेच तर वाचनालयाचं दुःख होतं.

मास्तरांचं घर दोन गल्ल्यांवर. पेटी बघून दारातल्या बायकांनी अदबीनं वाट दिली. त्यांना वाटलं, कॉलेजकडून फराळाचं आलंय. आत शवपेटी, तिच्या झाकणाला चेहऱ्यापाशी काच, चार मेणबत्त्या, कोपऱ्यात विड्यासारखी कोकाची पानं चघळणारे शेजारी. मास्तरांची बायको इलारियाबाई हॅट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची बहीण सातुर्निनामावशी सगळ्यांना पंच, म्हणजे मसाल्याची गरम दारू, वाटत होती.

“घ्या हो, घोटभर,” मावशी म्हणाली. “दुःख फार मोठं.”

“फार मोठं,” सेवेरो म्हणाले. “पुस्तक बघायला आलोय.”

खाटेखाली बघितलं, चुलीमागं बघितलं. कोंबड्यांच्या खुराड्यातही सेवेरोंनी डोकं घालून पाहिलं, आणि शोक करायला आलेली माणसं हळूहळू शोक सोडून शोधकामाला लागली. एक वाजला, दीड वाजला. इलारियाबाई रडू लागल्या. “ह्यांना दाखला मिळायचा नाही, माती मिळायची नाही. एका पुस्तकापायी घरात पडून राहतील.”

“असं होतं तरी कसं ते पुस्तक?” मावशीनं विचारलं.

“जाडजूड. निळ्या पाठीचं.”

मावशीच्या हातातली किटली थांबली. “ते होय! ते त्यांच्या डोक्याखाली आहे.”

“कुणाच्या?”

“दाजींच्या. उशी बसली ना खाली. काचेतून नुसतं नाक दिसत होतं. म्हटलं लोकांनी बघायचं काय, नाक? उशाशी हे पुस्तक होतं, दिलं सरकवून. बघा की, कसे छान दिसतायत!”

सगळे काचेवर वाकले. मास्तर खरंच छान दिसत होते. चेहरा शांत होता, थोडा वर उचललेला, दूरवरचं काही बघत असावेत तसा.

पण आता पुस्तक काढलं तर पुन्हा नुसतं नाक. म्हणजे तेवढ्याच जाडीचं दुसरं पुस्तक हवं. सेवेरो उठले आणि वाचनालयाकडे धावले. ओरुरोच्या विरळ हवेत त्यांच्या वयाच्या माणसानं धावू नये. धापा टाकत ते परतले तेव्हा त्यांच्या हातात कॉलेजच्या वार्षिक अहवालांचा बांधीव खंड होता. आजवर तो कुणी मागितला नव्हता, आणि पुढेही कुणी मागेल अशी लक्षणं नव्हती.

शवपेटी करणारा तितो सुतार पंच घेत तिथंच बसला होता. त्यानं कुरकुरत स्क्रू काढले. निळं पुस्तक बाहेर आलं, अहवाल आत गेले, झाकण बसलं. इलारियाबाई काचेपाशी गेल्या आणि किंचाळल्या.

“अगं बाई! ह्यांचा चेहरा बघ! मीटिंगला बसल्यासारखे दिसतायत!”

खोटं नव्हतं ते. अहवाल बोटभर जास्त जाड निघाले. मास्तरांची हनुवटी छातीला टेकली होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि आता उठून खर्चावर हरकत घेतील असं वाटत होतं.

“आत्तापर्यंत किती शांत होते,” एक शेजारी म्हणाला.

“असे नको पाठवू गं त्यांना,” इलारियाबाई झुल्माचा हात धरून म्हणाल्या. “कायमचे असेच राहतील.”

सेवेरो भिंतीशी उभं राहून सवयीप्रमाणे पुस्तकाची पानं तपासत होते. शेवटाजवळ खूण म्हणून कोकाचं एक पान ठेवलेलं होतं. पुढं चार पानं. घरी नेऊनही मास्तरांची ती वाचायची राहून गेली होती. पाच मिनिटं. ती पाच मिनिटं त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला दिली नव्हती, आणि घंटा वाजवताना केवढा रुबाब होता!

“तितो, काढ स्क्रू,” ते म्हणाले.

“परत? अहो, लाकूड मऊ आहे, भोकं मोठी होतात.”

“काढ म्हणतो ना!”

सेवेरोंनी स्वतःच्या हातानं अहवाल काढले आणि निळं पुस्तक मास्तरांच्या डोक्याखाली ठेवलं. कोकाचं पान जागच्या जागी होतं. चेहरा पुन्हा वर आला. मग त्यांनी खिशातून आपलं स्वतःचं कार्नेट काढलं, पेटीतल्या खणात ठेवलं आणि मास्तरांचं काढून झुल्माच्या हाती दिलं.

“पुस्तक आता माझ्या नावावर. पळ, कचेरी बंद व्हायच्या आत पोच.”

“पण काका, ते परत कसं यायचं?”

“ते वाचनालय बघेल. पळ तू!”

तीन वाजता, बोचऱ्या वाऱ्यात, बँड लावून मास्तरांना नेलं. सेवेरो काखेत पेटी घेऊन शेवटी चालत होते.

पुढचे दिवस सेवेरोंना कठीण गेले. आमच्याकडे कार्नेटाशिवाय माणसाला श्वास घेता येतो, एवढंच. पगाराला बँकेत गेले, तर खिडकीतली पोरगी म्हणाली, “कार्नेट?”

“वाचनालयात अडकलंय.”

“मग सोडवून आणा की.”

“पुस्तक परत आलं नाही ना.”

“ग्रंथपालाला सांगा जरा.”

“सांगितलं,” सेवेरो खिन्नपणे म्हणाले. “ऐकत नाही.”

पेटीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. पण त्या किल्लीनं आपलंच कार्नेट काढून घेणं त्यांच्यानं होईना. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं, तर त्यांनी काय भाषण ठोकलं असतं हे त्यांना पाठ होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीला प्राचार्य बेल्मोन्ते आले. हातात नवं कोरं कुलूप होतं.

“वाईट वाटतं सेवेरो, पण आता वाचक कोण?”

“कुलूप लावता यायचं नाही, साहेब. कार्नेट आहे खणात.”

प्राचार्यांनी वाकून पाहिलं. “अहो, हे तर तुमचं!”

“कुणाचं असावं ते नियमात नाही. पुस्तक बाहेर आहे, कार्नेट खणात आहे.”

“आणि पुस्तक कुणाकडे आहे?”

“नासारियो मास्तरांकडे.”

प्राचार्य पुन्हा खणाकडे वाकले. मग वैतागून म्हणाले, “आणि ते परत कधी करणार?”

“एक तारखेला दुपारी बाराला येतीलच सगळे,” सेवेरो साधेपणानं म्हणाले. “विचारतो.”

आमच्याकडे एक नोव्हेंबरला दुपारी बाराला मेलेली माणसं घरी येतात, जेवतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला निघतात. नव्यानं गेलेल्यांसाठी तर तीन वर्षं न चुकता मोठं पान मांडायचं असतं. प्राचार्यांचे वडील मागच्या वर्षी गेले होते, आणि प्राचार्यांच्या आईनं बाहुलीच्या आकाराचे पाव भट्टीत सांगूनही ठेवले होते. मास्तर येत नाहीत म्हणायचं, तर वडीलही येत नाहीत म्हणावं लागलं असतं. प्राचार्यांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं.

“विचारा तर मग,” ते पुटपुटले, आणि कुलूप खिशात घालून निघून गेले.

एक नोव्हेंबरला कॉलेजला सुट्टी होती. सेवेरो तरीही वाचनालयात आले. मास्तरांच्या नेहमीच्या टेबलावर पाण्याचा पेला, पावाची बाहुली आणि मूठभर कोकाची पानं ठेवली. मास्तर आधी घरी जेवणार, मग दुपारी इकडे येणार, हे त्यांना माहीत होतं. ते खिडकीशी पेटी घेऊन बसून राहिले. दालनात गारठा होता आणि रिकाम्या खुर्चीवर उन्हाचा पट्टा सरकत होता.

पाच वाजले. सवयीनं हात घंटेकडे गेला. सेवेरोंनी घंटा उचलली, तिची जीभ बोटात धरली आणि आवाज न करता तिला खणात, आपल्या कार्नेटाशेजारी ठेवून दिलं.

“होऊ द्या सावकाश, मास्तर,” ते म्हणाले. “घाई नाही.”