हरवला आहे : एक निळा टँकर

वृत्तपत्रस्वातंत्र्य नसेल तर ते नाही असं छापता येत नाही. आमच्या शहरात ते नाही, असं आजवर कुणीही छापलेलं नाही. त्यावरून ते आहे, हे सिद्ध होतं.

'दैनिक परखडवाणी'त मी एकोणीस वर्षं उपसंपादक आहे आणि माध्यमांचा विकास मी डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी आमचा अंक चार पानांचा होता, त्यात बातम्या असत. आता तो वीस पानांचा आहे. (बातम्या अजूनही असतात, शोधणाऱ्याला सापडतात.) शहर चिकलठाण्याच्या बाजूनं वाढलं तशी पानं वाढली, कारण प्रत्येक नव्या इमारतीला आपला जन्म पानभर कळवावा लागतो. पाऊस मात्र तीन वर्षं त्या प्रमाणात वाढला नाही.

आमचे संपादक श्रीनिवासराव यांनी उभ्या कारकिर्दीत एकही बातमी नाकारलेली नाही. ते ती 'ठेवतात'.

सत्यशीला आमची बातमीदार. हर्सूलच्या पलीकडं मेंढपाळांच्या वस्तीवर वाढलेली, आणि मेंढी ताटाबाहेर पाहिलेली कार्यालयातली एकमेव व्यक्ती. मे महिन्यात तिला आईचा, बानाबाईंचा, फोन आला.

"सते, पान्याचा टँकर येऊन अकरा दिस झाले. टँकरच्या वहीत मातर रोज येतोय. अन् माझ्या नावापुढं अंगठा हाय."

बानाबाई अंगठा देत नाहीत. सत्यशीला पहिलीत असताना तिच्याच पाटीवर त्या सही शिकल्या, आणि तेव्हापासून शाई दिसली की सही करतात.

सत्यशीला वस्तीवर गेली. वहीचे फोटो काढले, मेलेल्या मेंढ्या मोजल्या (सात), आणि सहाशे शब्दांची बातमी आणली. श्रीनिवासरावांनी ती उभ्यानंच वाचली.

"काय लिहिलंयस! डोळ्यांत पाणी आलं," ते म्हणाले. (त्या उन्हाळ्यात वस्तीच्या नावानं आलेलं तेवढंच.)

"उद्या लागेल ना, सर?"

"लागलीच पाहिजे. फक्त ठेकेदाराची बाजू घे."

ठेकेदार म्हणाला, मला बाजू नाही. बाजू नसताना नाव छापणं अन्यायाचं, म्हणून नाव काढलं. (तोच चिकलठाण्यात इमारती बांधतो, हा योगायोग.) वस्तीची बदनामी नको, म्हणून वस्ती काढली. आकड्यांनी वाचक दमतो, म्हणून आकडे काढले. सकाळच्या चहासोबत मेलेली मेंढी बरी दिसत नाही, म्हणून सातही मेंढ्या काढल्या. कात्री माझीच होती आणि एकदाही कुणी माझा हात धरला नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? शेवटी पान नऊवर छापून आलं : 'जिल्ह्यात काही ठिकाणी उन्हाळा जाणवत आहे.'

सत्यशीला भांडली नाही. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, मायला काय सांगू? तिला वाचता येतं."

मी म्हणालो, "पान नऊ पाठवू नकोस."

दुपारी ती आमच्या शहागंज शाखेत गेली. तिथं भानुमतीबाई छोट्या जाहिराती घेतात. छोट्या जाहिराती संपादक वाचत नाहीत. त्या फक्त लोक वाचतात. 'हरवले आहे' या सदराचा एक छापील अर्ज असतो.

"वर्ण?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"निळा."

"घरातून रागावून गेला का? तसा रकाना आहे."

"नाय. नेला कुणीतरी."

भानुमतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्याही घरी नळ आठव्या दिवशी येतो. "मग 'फूस लावून' लिहिते," त्या म्हणाल्या.

बुधवारी जाहिरात आली : 'हरवला आहे. टँकर. वर्ण निळा, डावा दिवा फुटलेला, क्रमांकाच्या शेवटी ४४७१. कुणीतरी फूस लावून नेला. घरी माणसं आणि मेंढ्या वाट पाहत आहेत. असशील तिथून निघून ये. कुणी रागावणार नाही.' खाली कार्यालयाचा फोन.

दहा वाजेपर्यंत सदतीस फोन आले, सगळे चिकलठाण्यातल्या एकाच नव्या सोसायटीतून. टँकर सुखरूप आहे, रोज सकाळी सातला येतो, प्रकृती उत्तम, असं त्यांनी आनंदानं कळवलं. फोटोही पाठवले. एका फोटोत मागं कारंजं चालू होतं.

श्रीनिवासरावांनी तो फोटो पाहिला. मग म्हणाले, "पहिलं पान मोकळं कर." त्यांनी स्वतः ठेकेदाराला फोन लावला. तो हसून म्हणाला, "छापा की साहेब, माझं काय जातंय?" एकोणीस वर्षांत असं घडलं नव्हतं, मला धडकीच भरली. सत्यशीला उभ्यानंच टाइप करत होती.

ठेकेदारानंच कळवलं असावं, चार वाजता त्या सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब एक कागद घेऊन आले. एकशे बारा घरांच्या सह्या होत्या. (अंगठा एकही नव्हता.)

"साहेब, निर्भीड म्हणून आम्ही तुमचाच पेपर घेतो," ते नम्रपणे म्हणाले. "पण हे छापलं तर उद्यापासून एकशे बारा अंक बंद. घरात लहान लेकरं आहेत, पाणी लागतं."

"वस्तीवर पण लेकरं हायेत," सत्यशीला म्हणाली.

"असतील ना, ताई. पण ती पेपर घेत नाहीत."

श्रीनिवासरावांनी बातमी ठेवली.

टँकर मात्र गुरुवारी वस्तीवर आला. कुठल्याशा सरकारी साहेबांच्या घरी छोट्या जाहिराती वाचतात, असं कळलं. बानाबाईंनी वही मागून घेतली. ड्रायव्हर कडूबा हॉर्न वाजवू लागला. "थांब रं, लई दिसांनी करतेय," म्हणत त्यांनी एकेक अक्षर काढलं. टँकर तीन दिवस आला. चौथ्या दिवशी पुन्हा हरवला.

सत्यशीला पुन्हा शहागंजला गेली, तेव्हा भानुमतीबाईंनी मान खाली घालून परिपत्रक दाखवलं : 'हरवले आहे' सदरात यापुढं फक्त व्यक्ती, कागदपत्रं आणि पाळीव प्राणी. सत्यशीलानं राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला, कारण राजीनामा ठेवता येत नाही. हल्ली ती वस्तीवरच्या शाळेच्या फळ्यावर रोज लिहिते : आज आला, आज नाही आला. वाचक एकतीस. जाहिराती नाहीत.

आमच्याकडं बातमी का आली नाही, असं विचारणारा एकही फोन आला नाही. (त्याच आठवड्यात शब्दकोड्याची दोन उभी उत्तरं चुकली; एकशे चार फोन.)

तुम्हाला मात्र राग आला असेल. त्या सोसायटीचं नाव काय, असं तुम्ही विचाराल. सांगायला माझी काहीच हरकत नाही. फक्त आधी तुमचा पत्ता सांगा.