मंगळवारी खोली मिळणार नाही

आमच्या शेजारचे तांगडे काका पाहुण्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, माणसं किती हेही विचारत नाहीत. वार विचारतात.

"आधी वार सांगा."

समोरच्याने मंगळवार म्हटलं की काका म्हणतात, "खिडकी बंद." त्यानंतर वाक्य नसतं.

काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. दोन कॉट, एक कूलर आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला उघडणारी गॅलरी. बजाजनगरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, रंजनाताईने, खोलीचे फोटो काढून ती पाहुण्यांसाठी एका ॲपवर टाकली, "पप्पा, चार लोक येतील-जातील, तुम्हा दोघांना सोबत होईल," असं सांगितलं आणि ती घरी गेली. पुढे ॲपवरच्या निरोपांना इंग्रजीत उत्तरं द्यायची वेळ आली, तेव्हा काकांनी कंपाउंडच्या भिंतीवरून फोन माझ्या हातात दिला. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि घरून काम करते, एवढे दोनच माझे गुन्हे. लोकांना ते माझी ओळख अशी करून देतात, "मॅडम बोलत नाय, पण लिहिती लई."

काका एकतीस वर्षं वेरूळला, लेण्यांच्या तिकीट खिडकीत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिडकी त्यांच्यातून निघालेली नाही. एकटा पाहुणा फाटकाशी आला तरी ते "रांगेत या" म्हणतात. एकटा माणूस रांगेत कसा येतो हे मी बघितलंय. तो आधी मागे वळून बघतो.

वेरूळ मंगळवारी बंद असतं. काकांच्या मते जो माणूस मंगळवारसाठी या शहरात येतो त्याला एकतर काही माहीत नाही, नाहीतर त्याला कोणीतरी फसवलंय. दोन्ही बाबतींत त्याला वेळेवर परत पाठवणं हे आपलं काम.

नागपूरच्या एका जोडप्याने लिहिलं, आम्ही मंगळवारी मकबरा बघू. काका म्हणाले, "मकबरा रिक्षातून पण दिसतो. त्याला खोली कशाला?" एका कुटुंबाला लग्नासाठी यायचं होतं. "मग कार्यालयात झोपा म्हणावं." एका मुलीने सगळा अभ्यास केला होता. तिने लिहिलं, वेरूळ बंद असलं तरी अजिंठा मंगळवारी उघडा असतो, आम्ही तिकडे जाऊ. मला वाटलं, आता काका अडकले.

"अजिंठा चालत नाय," काका म्हणाले.

"का?"

"अजिंठ्याचं आम्हाला माहीत हाय. खिडकी बंद."

याचा अर्थ मला लागला नाही. मी नकार टाइप केला, त्यात दोन वेळा 'सॉरी' घातलं.

बाकीच्या वारांना येणाऱ्या पाहुण्यांचं मात्र काका अगत्याने करतात. बँकेच्या परीक्षेला आलेल्या एका मुलाला पेपर संपल्यावर त्यांनी स्वतः वेरूळच्या बसमध्ये बसवून दिलं. त्याला जायचं नव्हतं. संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याला खाली ओट्यावर यावं लागतं. तिथे इंदुकाकू बसलेल्या असतात. काकूंना दिसत नाही, फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्या पाहुण्याला चहा देतात आणि विचारतात, "हं. कैलास कसा होता?"

'छान होता' एवढ्यावर सुटका होत नाही. रावणाला हात किती दिसले? पायऱ्यांपाशी ओल होती का? परवाच्या पाहुण्या म्हणाल्या की वर छतावर सिंह आहेत, तुम्ही म्हणता दिसलेच नाहीत, मग मान वर करून बघितलं का नाही? एक गृहस्थ दिवसभर खोलीत झोपून आले आणि कैलासातल्या हत्तीची सोंड फार सुंदर आहे म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. "अंगणातल्या हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "जाऊन या, मग बोला."

इकडे ॲपचं मत आमच्याबद्दल बिघडत चाललं होतं.

पहिली ई-मेल आली. नकारांचं प्रमाण वाढल्यामुळे तुमची खोली आता यादीत खाली दिसेल.

"किती खाली?" काकांनी विचारलं.

"चौथ्या पानावर."

"म्हणजे बदली," काका म्हणाले. त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या ई-मेलने खोलीच्या नावापुढची चांदणी काढून घेतली. ही पदावनती. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो न मिळालेल्या माणसाला आता मशीन मेमो काढतंय, हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी मला खुलासा लिहून घ्यायला लावला. 'सविनय सादर करण्यात येते की वेरूळ येथील लेणी दर मंगळवारी बंद असतात, व सदर बाब अर्जदाराच्या अखत्यारीत नाही.' मी त्याचं इंग्रजी केलं. ॲपला खुलासा नको होता. त्याला चार कारणांपैकी एक हवं होतं: तारखा जुळत नाहीत, घरात दुरुस्ती, पाहुण्याबद्दल शंका, इतर. मी 'इतर' निवडलं. लगेच उत्तर आलं, तुमचा दिवस छान जावो.

"कोणता दिवस?" काका म्हणाले. "वार लिहिला नाय."

मी त्यांना एक सोपी गोष्ट सुचवली. ॲपवर मंगळवार कायमचे बंद करून ठेवता येतात. मग कोणी विचारणारच नाही आणि नकार द्यायची वेळच येणार नाही.

"तसं नाय करायचं," काका म्हणाले. "नुसती पाटी टांगून निघून गेलं ना, की माणूस उन्हात थांबून राहतो. त्याला वाटतं आता उघडंल, मग उघडंल. कोणीतरी समोर येऊन सांगायला पाहिजे, की बाबा, बंद हाय."

तिसरी ई-मेल लहान होती. आणखी एक नकार आला तर खोली ॲपवरून कायमची काढण्यात येईल.

त्यानंतर चारच दिवसांनी पुण्याच्या निखिल नावाच्या एका इंजिनिअरची मागणी आली. शेंद्र्याच्या कंपनीत मशीन बसवायचं आहे. सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ.

"खिडकी बंद," काका म्हणाले.

मी सहसा वाद घालत नाही. कोणाशीच नाही. पण फोन माझ्या हातात होता आणि बोट त्या बटणावर माझं जाणार होतं.

"काका, आता नाही म्हटलं तर पुढे कोणीच येणार नाही. मंगळवारचे नाहीत, शनिवार-रविवारचेही नाहीत."

काकांनी मागे ओट्याकडे बघितलं. काकू मेथी निवडत होत्या. काडी बोटांना कळते, पान बोटांना कळतं. काका भिंतीच्या आणखी जवळ आले आणि हळू बोलले.

"मंगळवारचा माणूस हिला संध्याकाळी काय सांगणार?"

मी बोट बटणापासून मागे घेतलं.

"हिचं माहेर सोयगावचं. अजिंठा हिनं शाळेच्या सहलीत बघितलाय, चित्रांसकट पाठ हाय. वेरूळ राहिलं. माझी सुट्टी कधी? मंगळवार. दर मंगळवारी म्हणायची, मला एकदा कैलास दाखवा. मी म्हणायचो, आज बंद हाय. रजा काढून नेता आलं असतं, नाय असं नाय. पण म्हणलं, कैलास कुठं पळून चाललाय का? बारा-तेराशे वर्षं तिथंच हाय." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "तो नाय पळाला. काचबिंदूनं हिचे डोळे गेले. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी होती."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना. एकतीस वर्षं होता तिथे."

"मी काय सांगू? खिडकी रस्त्याकडं. पुढं रांग, पाठीमागं कैलास. एकतीस वर्षं त्याच्याकडं पाठ करून बसलो मी." त्यांनी चष्मा परत घातला. तरी तो पुसल्यासारखा दिसत नव्हता. "दे त्याला खोली. इलाज नाय."

मी होकार दाबला.

मंगळवारी संध्याकाळी मलाही ओट्यावर बोलावणं आलं. रिकाम्या हाताने येणाऱ्या पाहुण्यासमोर काकांना एकट्याने बसायचं नसावं. निखिल सहा वाजता आला. हातांना ग्रीसचा वास होता. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "हं. काय काय बघितलं?"

"काही नाही काकू. दिवसभर कंपनीतच होतो. आणि वेरूळ आज बंद असतं ना."

"व्हय व्हय. मंगळवार, नाय का," काकू म्हणाल्या. "असू दे. चहा घे." आणि पुढ्यातली मेथीची जुडी, निवडून झालेलीच, पुन्हा निवडायला लागल्या.

निखिलला आपलं काय चुकलं ते कळेना. तो बशीकडे बघत राहिला.

"एकदा एक पोरगी हरवली होती," काका म्हणाले.

काकूंची बोटं थांबली.

"सहलीची गाडी होती. तिची आई खिडकीशी येऊन रडायला लागली. मी खिडकी लावली आणि आत पळालो."

"तुम्ही आत गेला होता?" काकूंनी विचारलं.

"गेलो होतो. कैलास बघायला नाय, पोरगी हुडकायला. खालचं सगळं पालथं घातलं. शेवटी बघतो तर अंगणातल्या हत्तीच्या पायाशी बसलेली. मांडीवर डबा, चपाती खाती."

"कुठल्या हत्तीच्या? डावीकडच्या का उजवीकडच्या?"

काकांनी डोळे मिटले. हात आधी एका बाजूला नेला, मग दुसऱ्या. "डावीकडच्या. आत जाताना डावा."

"त्याला सोंड नाय."

"नायच. मला म्हणली, मामा, ह्याला सोंड नाय, मग हा जेवतो कसा?"

"मग? तुम्ही काय म्हणला?"

"म्हणलं, ह्याची आई भरवती ह्याला. तेव्हा कुठं उठली."

काकू हसल्या. मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदा ऐकलं. काका खुर्चीत पुढे सरकले. मग आत जाताना लोक कसे बडबडत जायचे आणि बाहेर येताना त्याच खिडकीसमोरून कसे गप्प यायचे ते त्यांनी सांगितलं. भांडत आत गेलेलं एक जोडपं तासाभराने एकाच बाटलीतून पाणी पीत बाहेर आलं. एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, खिडकीशी थांबले, काही बोलले नाहीत, काकांना नमस्कार करून गेले, जणू काकांनीच ते कोरलंय. निखिलचा चहा तसाच राहिला.

"हे मला कधी बोलला नाय तुम्ही," काकू म्हणाल्या.

"घरी कामाचं बोलायचं नाय, हा माझा उसूल होता."

"लई मोठा उसूल," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं."

बुधवारी सकाळी निखिल गेला. काका भिंतीशी आले.

"मॅडम, ते मंगळवार कायमचे बंद करता येतात म्हणली होतीस ना? करून टाक."

"पण तुम्हीच म्हणाला होता, नुसती पाटी लावून जायचं नाही."

"मी कुठं जातोय?" काका म्हणाले. "मंगळवारी मी घरीच हाय. फक्त जागा नाय."

मी ॲपचं कॅलेंडर उघडलं आणि ते जिथपर्यंत जातं तिथपर्यंत सगळे मंगळवार एकेक करून बंद केले. त्यानंतर आम्ही कोणाला नकार दिलेला नाही. चांदणी अजून परत आलेली नाही.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडे ओट्यावर पाहुण्याची खुर्ची मिटून भिंतीला लावलेली होती. कपबशा दोनच वाजल्या. मग काकूंचा आवाज आला.

"हं. उघडा खिडकी."