भर दुपारी धूर पळाला, त्याची हकीकत

श्रोते सावध असावे. धूरमोहिमेचे वर्तमान मागाहून कोणी तिखटमीठ लावून सांगू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. थोडे मीठ आम्हीच लाविले आहे.

दूरच्या डोंगरी वणवा पेटला आणि त्याचा धूर वाऱ्यावर स्वार होऊन शहरावर चाल करोन आला. मग हवामान कचेरीत उपग्रहाच्या चित्रांवर नजर ठेवणारे राजमान्य राजेश्री धूरसाहेब खुर्चीवर ठाण मांडोन बसले. रसद चहाची, पंखा नादुरुस्त. घरी त्यांची कन्या, तीस दम्याचा आजार, सबब सारा आठवडा खिडक्या बंद. आणि आज संध्याकाळी शाळेत धावण्याची शर्यत. कन्या सकाळपासून बूट घालोन दारात उभी.

मग ऐन माध्यान्ही साहेब पडद्यावर पाहतात तो धूर नाहीसा! सारा मुलूख लख्ख. साहेबांस हर्ष जाला, मिशीस पीळ दिला (मिशी नव्हती, तरी दिला), आणि जमिनीवरील हवा मोजणाऱ्या यंत्राचे आकडे पाहण्याचे भान न राहता घरी हुकूम रवाना जाला जे, गनिमाने पळ काढिला, शर्यतीस बेलाशक जावे.

तेव्हां शेजारच्या मेजावरील चष्मेवाल्या बाई डबा बंद करीत म्हणाल्या, "अहो, सूर्य डोक्यावर आला की विरळ धूर वरून दिसतच नाही. जातोय कुठे तो? ऊन कलू द्या, मग बघा."

साहेबांचे तोंड एवढेसे जाले. मग ऊन कलले, तिरपा उजेड पडला आणि नवे चित्र आले, तो काय! धूर शाळेच्या मैदानावर तंबू ठोकोन बसलेला, आणि यंत्राचा आकडाही चढलेला. साहेबांनी तैसाच शहरास इशारा धाडिला, शाळेस सांगोन शर्यत तहकूब करविली आणि घरी दुसरे फर्मान सोडिले जे, कन्येस बाहेर काढू नये.

घरून साहेबांच्या बाईसाहेब फोनवर कडाडल्या, "आत्ताच तर जा म्हणालात! आता तिला तुम्हीच येऊन सांगा. मी नाही बाई सांगणार!"

मग साहेब जातीने घरी दाखल जाले, आणि कन्येने तोफखाना डागिला जे, बाबा खोटारडे आहेत, सगळ्या वर्गाची शर्यत त्यांनीच बुडविली, मैत्रिणी आता तिच्याशी बोलणार नाहीत, आणि यापुढे या घरात उपग्रहाचे नाव काढू नये. हे सर्व एका दमात, न खोकता, न थांबता. बाईसाहेबांनी औषधाच्या पंपाकडे नेलेला हात मागे घेतला. साहेब मान खाली घालोन ऐकत राहिले, आणि सुखाने त्यांचे डोळे भरोन आले.

सबब येणेप्रमाणे नमूद केले जे, मोहीम फत्ते जाली. गनीम अद्याप खिडकीबाहेर आहे. कन्या अद्याप बोलते आहे.